स्वस्त आणि चांगले विणल्याचा गुन्हा

१९५९ च्या फेब्रुवारीपासून हाँगकाँगच्या गिरणीमालकांनी ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या सुती कापडावर तीन वर्षांसाठी मर्यादा घालून घेतली. कागदोपत्री ही मर्यादा ऐच्छिक होती. ती नाकारली तर लंडनचे सरकार याहून कडक बंधन लादेल, ही भीती मात्र प्रत्येकाला होती. हाँगकाँग तेव्हा ब्रिटनचीच वसाहत होती. दारू, तंबाखू अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर तिथे कोणत्याही देशाचा माल जकातीविना उतरत असे, त्यात ब्रिटनच्याच लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांचे कापडही आले. कोटा नव्हता आणि आयातीवर परवान्यांचा जाचही नव्हता. शांघायहून साम्यवादी राजवटीच्या भीतीने पळून आलेले सूतगिरणीवाले आणि त्याच वाटेने आलेले लाखो निर्वासित मजूर, एवढ्या भांडवलावर तिथला कापड उद्योग दहा वर्षांत उभा राहिला होता. मँचेस्टरने शंभर वर्षे जगाला खुल्या व्यापाराचा जो धडा शिकवला, तो या लहानशा बंदराने शब्दशः पाळला होता. आपल्या कापडापेक्षा हाँगकाँगचे कापड स्वस्त पडते हे दिसताच लँकेशायरला तो धडा नकोसा झाला.

हाँगकाँगने कोणता नियम मोडला होता? उत्पादनखर्चाच्या खाली भाव लावून माल खपवल्याचा आरोप सिद्ध झालेला नव्हता. सरकार तिजोरीतून निर्यातीला पैसा पुरवते, असेही कोणी दाखवू शकले नव्हते. तक्रार एकच होती, की माल फार येतो आणि स्वस्त येतो. पुढे १९६१ पासून २००४ अखेरपर्यंत जागतिक कापड व्यापारावर कोट्यांचे जे जाळे पसरले, त्याचा पाया हीच तक्रार होती. या व्यवस्थेविषयी माझे म्हणणे मी सुरुवातीलाच मांडतो. आपल्या कामगारांना सावरण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि त्यासाठी आयातीला काही काळ आवर घालणेही समर्थनीय ठरू शकते. परंतु कापडाच्या कोट्यांनी आवर कोणाला घालायचा हे ठरवताना गैरवर्तन पाहिले नाही, यश पाहिले. जो देश हे काम शिकला, ज्याने गिऱ्हाईक मिळवले आणि वेळेवर माल पोचवला, त्याच्यासमोर भिंत उभी राहिली. ज्याला ते जमले नाही त्याच्यासाठी दार उघडे राहिले. या अन्यायाचे समर्थन कोणत्याही कामगारकल्याणाच्या नावाने करता येत नाही.

याची पहिली झळ जपानला बसली. १९३७ मध्येच अमेरिकी आणि जपानी कापड संघटनांत निर्यात मर्यादित ठेवण्याचा समझोता झाला होता. युद्धानंतर १९५५ मध्ये जपान गॅट या जागतिक व्यापार करारात सामील झाला, तेव्हा १४ सदस्य देशांनी कलम ३५ पुढे करून जपानला बरोबरीची वागणूक नाकारली. त्यांत ब्रिटन आणि फ्रान्स होते आणि, हेही सांगायला हवे, भारतही होता. भारताने ती अट १९५८ मध्ये मागे घेतली. अमेरिकेने सदस्यत्वाला पाठिंबा दिला, पण दोनच वर्षांत जपानकडून सुती मालावर पाच वर्षांची 'स्वेच्छा' मर्यादा घेतली. जपानने हात आखडता घेतल्यावर मोकळी झालेली जागा हाँगकाँगने भरली. तेव्हा अमेरिकी गिरणीमालकांच्या लक्षात आले की एकेका देशाला अडवून भागणार नाही, यश जिथे जाईल तिथे मागोमाग जाणारी व्यवस्था हवी. १९६० मध्ये गॅटमध्ये 'बाजारपेठ विस्कळीत होणे' ही नवी कल्पना मान्य करून घेण्यात आली. १९६१ मध्ये केनेडी सरकारने सुती कापडाचा एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय करार घडवला आणि १९६२ मध्ये त्याच्या जागी दीर्घ मुदतीचा करार आला. केनेडींना व्यापार खुला करणारा मोठा कायदा काँग्रेसकडून संमत करून घ्यायचा होता. त्यासाठी दक्षिणेकडच्या कापड-राज्यांची मते लागत होती आणि त्या मतांची किंमत आशियातल्या गिरण्यांकडून वसूल झाली.

या नव्या कल्पनेने काय बदलले, ते नीट पाहिले पाहिजे, कारण अन्यायाचे मूळ तिच्यात आहे. गॅटच्या मूळ नियमांत संख्येच्या मर्यादा निषिद्ध होत्या. मात्र अचानक वाढलेल्या आयातीने देशी उद्योगाला गंभीर इजा होत असेल, तर कलम १९ खाली तात्पुरते संरक्षण घेता येत असे. त्याला तीन बंधने होती. इजा दाखवावी लागे. आवर सर्व देशांच्या मालाला सारखाच लावावा लागे, एकालाच वेचून काढता येत नसे. आणि ज्यांची निर्यात अडली त्यांना दुसरीकडे सवलत देऊन भरपाई करावी लागे, नाहीतर त्यांना उलट कारवाईची मुभा मिळे. मला हे कलम शहाणपणाचे वाटते. संरक्षण घ्या, पण त्याची किंमत मोजा आणि मित्र-अमित्र असा भेद करू नका, असे ते सांगते. कापडाच्या करारांनी ही तिन्ही बंधने उडवून लावली. झालेली इजा दाखवण्याची गरज उरली नाही, तिची शक्यता पुरेशी झाली. वेचून एकाच देशाला अडवणे नियमात बसू लागले. भरपाईचा विषयच संपला. शिवाय आयात मालाची किंमत देशी मालाहून बरीच कमी असणे हाच बाजारपेठ विस्कळीत झाल्याचा पुरावा धरला गेला. व्यापार ज्या कारणासाठी होतो, तेच कारण इथे आरोपपत्रात गेले.

आधी बंधन सुतावर होते, तर उद्योजक कृत्रिम धाग्याकडे वळले. १९६८ च्या निवडणुकीत निक्सन यांनी दक्षिणेच्या राज्यांना लोकर आणि कृत्रिम धाग्याच्या आयातीलाही लगाम घालण्याचे वचन दिले आणि नंतरची तीन वर्षे जपानशी त्यावरून झगडा चालला. ओकिनावा बेट जपानला परत करण्याच्या वाटाघाटीही त्याच काळात चालू होत्या. कापडाचा प्रश्न त्यांत इतका गुंतला की जपानचे पंतप्रधान सातो आणि निक्सन यांचे संबंध त्यापायी बिघडले. अखेर १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी १९१७ साली केलेला कायदा वापरण्याची धमकी देऊन, अमेरिकेने जपान, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग यांच्याकडून करार करून घेतले. यांतला एकही देश अमेरिकेचा शत्रू नव्हता, उलट चौघेही तिच्या लष्करी छत्राखाली किंवा मित्रगोटात होते. या साऱ्यातून १ जानेवारी १९७४ ला मल्टी फायबर अरेंजमेंट, म्हणजे बहुतंतू करार, अमलात आला. दरवर्षी कोट्यात साधारणपणे ६ टक्के वाढ देण्याचे त्याने कबूल केले होते. १९७७ मध्ये नूतनीकरण होताना युरोपीय आर्थिक समुदायाने 'वाजवी अपवादां'ची पळवाट काढून घेतली आणि संवेदनशील मालात हाँगकाँग, कोरिया व तैवान यांचे कोटे वाढण्याऐवजी कापले गेले. १९८६ मध्ये अमेरिकेने या तिघांची वार्षिक वाढ एखाद्या टक्क्याच्या आसपास आणून ठेवली. त्याच वर्षी लिनन, रेशमी मिश्रणे आणि रॅमी नावाच्या एका वनस्पतीचा धागाही कराराच्या कक्षेत आला. निर्यातदारांनी कोट्याबाहेरचे धागे शोधून त्यांचे स्वेटर विणायला सुरुवात केली होती, एवढेच त्याचे कारण.

संरक्षण खरोखर आयातीपासून हवे होते, की आयातीतल्या काही देशांपासून? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पश्चिम युरोपचे कापड अमेरिकेत जात होते, अमेरिकेचे युरोपात येत होते, इटलीचे कपडे दोन्हीकडे भरपूर खपत होते. या व्यापारावर बहुतंतू करारातला कोटा लागला नाही. श्रीमंत देशांनी एकमेकांना सूट दिली आणि भार गरीब पण हुशार पुरवठादारांवर टाकला. नॉर्वेचे प्रकरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७८ मध्ये नॉर्वेने काही कपड्यांच्या आयातीवर मर्यादा घातल्या. युरोपीय समुदाय आणि मुक्त व्यापार संघातले शेजारी यांना त्यातून वगळले, सहा आशियाई देशांशी द्विपक्षीय करार केले आणि त्या वाटपात हाँगकाँगला वाटा उरला नाही. गॅटच्या तंटानिवारण समितीने १९८० मध्ये निकाल दिला की हे सर्वांना समान वागणुकीच्या तत्त्वात बसत नाही. जिथे मूळ नियम लागू झाले तिथे हाँगकाँग जिंकले. बहुतंतू कराराच्या आत मात्र तोच भेदभाव कायदेशीर होता.

व्यवहारात कोटा कसा चालत असे, हे जाणून घेतल्याशिवाय त्याचे नुकसान पुरते कळत नाही. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक मालाला आकडा होता. पुरुषांच्या सुती विणीव शर्टांना ३३८, बायकांच्या ३३९, सुती पँटींना ३४७ आणि ३४८. अमुक देशातून वर्षाला या खान्यात इतके डझन, असा हिशेब असे. तो आकडा देशात वाटण्याचे काम निर्यातदार देशाकडे होते आणि वाटप बहुतेक वेळा मागच्या वर्षांच्या निर्यातीवर होई. भारतात तयार कपड्यांच्या कोट्याचा कारभार दिल्लीची ॲपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल पाहत असे, सुती कापड आणि सुताचा मुंबईची टेक्सप्रोसिल. जुन्या निर्यातदाराला त्याच्या मागच्या कामगिरीवर हक्काचा मोठा वाटा, नव्याला उरलेल्या थोड्या भागासाठी रांग, अशी ती रचना होती. त्यामुळे कोट्याला बाजारभाव आला. शर्टाचे कापड, शिलाई, बटणे यांच्या जोडीला प्रत्येक नगामागे कोट्याचा प्रीमियम हा खर्चाचा वेगळा रकाना निर्यातदाराच्या वहीत असे. हाँगकाँगमध्ये कोट्याची हस्तांतरे राजरोस होती आणि काही जुन्या घराण्यांनी शिवणयंत्रे बंद करून नुसता कोटा भाड्याने देण्यातच कमाई पाहिली. कोट्याचे काही समर्थक म्हणतात की हा प्रीमियम निर्यातदार देशातच राहतो, म्हणून ती एक प्रकारची भरपाईच आहे. पण तो गेला कोणाकडे? शिवणाऱ्या बाईकडे गेला नाही, नवे यंत्र घेणाऱ्या तरुण कारखानदाराकडेही गेला नाही. ज्याच्याकडे जुना कागद होता त्याला तो मिळाला आणि ज्याला नवे काही करायचे होते त्याच्या खिशातून गेला. बाहेरून यशाला बांध घालणाऱ्या व्यवस्थेने देशाच्या आतही यशाची वाट अडवली.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत गंभीर आक्षेप कामगारांचा आहे आणि गिरणगाव पाहिलेल्या महाराष्ट्राला तो समजावून सांगावा लागत नाही. कॅरोलायनातल्या किंवा लँकेशायरच्या एका गावात गिरणी हाच एकमेव रोजगार असेल, तर ती बंद पडल्यावर पन्नाशीतल्या विणकराने कुठे जावे? हा प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल करणाऱ्या अर्थतज्ज्ञांशी माझे जमत नाही. पण कोट्याने त्या विणकराला वाचवले का, हे आकड्यांतच पाहू. अमेरिकेत कापड आणि कपडे या दोन्ही उद्योगांत मिळून १९७३ मध्ये, म्हणजे बहुतंतू करार सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, सुमारे २४ लाख माणसे कामाला होती. कोटे संपले त्या २००४ मध्ये ती सुमारे ७ लाखांवर आली होती. सगळी घसरण कोट्याच्या भिंतीआड झाली. वेगवान माग आले, एक माणूस कितीतरी अधिक माग सांभाळू लागला, धंदा दुसरीकडे हलला, बंधन नसलेल्या देशांतून माल आला. मुंबईच्या गिरण्याही परदेशी कापडाने मारल्या नाहीत, त्या काळात भारतात आयात कापडाला जवळजवळ बंदीच होती. १९८२ च्या संपात उतरलेल्या अडीच लाख कामगारांच्या नशिबी जे आले, त्यात यंत्रमागाची स्वस्ताई, जुनी यंत्रे, जमिनीचे भाव आणि मालकांची नियत यांचा वाटा होता. सीमेवरची भिंत कामगाराला यातल्या कशापासूनही वाचवत नाही.

आणि या भिंतीची किंमत? गॅरी हफबाउअर आणि किंबर्ली एलियट या अर्थतज्ज्ञांनी १९९० सालासाठी केलेल्या हिशेबात अमेरिकेतल्या कापड व कपड्यांवरच्या संरक्षणाचा, म्हणजे जकाती आणि कोटे दोन्हींचा, ग्राहकांवर पडणारा भार वर्षाला सुमारे २४ अब्ज डॉलर निघाला. वाचलेल्या एका नोकरीमागे तो लाखाहून अधिक डॉलर पडत होता, शिवणकामगाराच्या वार्षिक मजुरीच्या कित्येक पट. ती रक्कम त्या कामगाराला थेट देऊन, त्याला नवे काम शिकवून, त्याच्या घराचे हप्ते भरूनही पुष्कळ उरली असती. हा भार सर्वांवर सारखा पडला असता तरी एकवेळ चालले असते. पण कोटा नगांवर होता, किमतीवर नव्हता. डझनांची संख्या बांधलेली असली की निर्यातदार साहजिकच प्रत्येक नगात जास्तीत जास्त किंमत बसवतो. दोन डॉलरचा मुलांचा सदरा पाठवून कोटा वाया घालवण्यापेक्षा वीस डॉलरचा शर्ट पाठवणे शहाणपणाचे. हाँगकाँग अशा रीतीने उंची कपड्यांकडे सरकले आणि स्वस्त कपडे दुकानांतून दुर्मीळ झाले. म्हणजे कॅरोलायनातल्या विणकराच्या नावाने जी पट्टी गोळा झाली, ती डेट्रॉइटच्या किंवा ग्लासगोच्या गरीब घरांनी आपल्या मुलांच्या कपड्यांवर भरली.

दुसरा आक्षेप मजुरीचा. आशियातली मजुरी इतकी कमी की स्पर्धा मुळातच विषम होती, असे म्हटले जाते. कमी मजुरी ही गरिबीची खूण होती. ती कोणी युक्ती म्हणून राबवलेली नव्हती आणि निर्यात हाच ती वाढण्याचा मार्ग होता. हाँगकाँग, कोरिया, तैवान यांनी तो करून दाखवला, तिथली मजुरी एका पिढीत कैक पटींनी वाढली. कामाच्या जागी होणाऱ्या शोषणाचा मुद्दा मी यापासून वेगळा ठेवतो, कारण तो खरा आहे. ढाक्याजवळ २०१३ च्या एप्रिलमध्ये राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसे मेली, हे विसरून कपड्यांच्या व्यापारावर लिहिता येणार नाही. परंतु कोट्याने कधी कारखान्याचे जिने मोजले नाहीत की पोराचे वय विचारले नाही. त्याने फक्त डझन मोजले. याला मला ठाऊक असलेला एक ठळक अपवाद आहे. १९९९ च्या अमेरिका-कंबोडिया करारात कामगार कायदे पाळले तर कोटा वाढवून मिळेल अशी अट होती आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे निरीक्षक कारखान्यांत जाऊ लागले. हा प्रयोग चांगला होता. पण त्याआधीच्या चार दशकांत हे कोणालाच का सुचले नाही, याचा विचार केला की मजुरीच्या आक्षेपातला प्रामाणिकपणा किती होता ते कळते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कोटे नसते तर बांगलादेशात कपड्यांचा उद्योग उभाच राहिला नसता, असे अनेक अभ्यासक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. कोट्याने अडलेल्या कोरियाच्या देवू कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी करार केला. सुमारे १३० बांगलादेशी कर्मचारी कोरियात पुसानला जाऊन काम शिकून आले आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. मराठी मुळांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या मॉरिशसमध्येही हाँगकाँगचे विणकाम उद्योजक अशाच कारणाने आले, कारण तिथून युरोपला कोट्याविना माल जात होता. लाखो बायकांना यातून पहिल्यांदा पगार मिळाला. मग कोटा हा गरिबांचा कैवारी नाही का? माझे उत्तर बांगलादेशच्याच पुढच्या इतिहासात आहे. उद्योग जरा अंग धरतो न धरतो तोच १९८५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी बांगलादेशच्या कपड्यांवर मर्यादा घातल्या. युरोपातली बंधने लवकरच उठली, अमेरिकेची राहिली. तेव्हा बांगलादेश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता आणि त्याचा व्यापारातला वाटा नगण्य होता. म्हणजे या व्यवस्थेने दिलेली सवलत अयशस्वी असेपर्यंतच टिकणारी होती. शिवाय कोट्याच्या शोधात आलेले भांडवल कोट्याबरोबरच निघून गेले. २००५ नंतर मॉरिशसमध्ये हजारो नोकऱ्या गेल्या, नेपाळचा निर्यातीचा कपडा उद्योग जवळपास कोसळला. बांगलादेश मात्र वाढतच गेला, कारण तोवर तिथे कौशल्य मुरले होते आणि युरोपची बाजारपेठ त्याला जकातीविना खुली होती. गरीब देशाला मदत करण्याचा सरळ मार्ग तोच होता. त्याला दार उघडे ठेवायला शेजाऱ्याचे दार बंद करावे लागत नाही.

आपल्यापुरता एक आक्षेप उरतो. स्वतःची बाजारपेठ बंद ठेवणाऱ्या भारताला दुसऱ्यांच्या कोट्यांवर बोलण्याचा काय अधिकार? हा टोला मला मान्य आहे. परकीय चलनाच्या टंचाईच्या सबबीखाली भारताने बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात २००१ पर्यंत रोखून धरली आणि अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध दाद मागून खटला जिंकल्यावरच ती पूर्ण सुटली. यामुळे वाटाघाटीत आपला आवाज बारीक झाला. तयार कपड्यांचा धंदा लघुउद्योगांसाठी राखून ठेवून आपण आपल्याच कारखान्यांना मोठे होऊ दिले नाही, ही चूक तर पूर्णपणे घरची. पण जपानविरुद्धची १९५८ पर्यंतची ती अट सोडली तर भारताचा बंदिस्तपणा भेदभावाचा नव्हता, तो जपानी आणि अमेरिकी माल सारख्याच हट्टाने अडवत होता. आणि या न्यायाने हाँगकाँगला तरी मोकळे सोडायला हवे होते, कारण त्याच्याइतके उघडे दार जगात दुसरे नव्हते. भारताला यशाच्या शिक्षेचा अनुभव याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनने कायदे करून हिंदुस्थानी छिटांचा वापर बंद केला. पुढे मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा लँकेशायरच्या दडपणाने १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली, केवळ आयात जकातीचा फायदा मुंबईला होऊ नये म्हणून. जवळपास तीस वर्षे तो कर चालू राहिला. टिळकांनी त्याविरुद्ध परदेशी कापडावर बहिष्काराची हाक दिली होती.

कोटे संपवण्याचे वचन १९९४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत मिळाले, पण ते पाळण्याची तऱ्हा वाईट होती. १९९५ पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने माल मोकळा करायचा होता: १६, १७ आणि १८ टक्के. उरलेला ४९ टक्के अगदी शेवटच्या दिवशी, १ जानेवारी २००५ ला. काय आधी मोकळे करायचे हे आयातदार देश ठरवणार होते आणि यादीत पॅराशूट, छत्र्या, मोटारींचे पट्टे असा मालही होता ज्यावर कोटा कधी नव्हताच. पहिल्या टप्प्यात अमेरिका आणि युरोपीय संघाने प्रत्यक्षातला एकही कोटा न उठवता आकडा पूर्ण केला. दरम्यान नवी बंधने चालूच होती. १९९५ मध्ये अमेरिकेने भारताच्या लोकरी शर्ट-ब्लाउजांवर मर्यादा घातली. भारत दाद मागायला गेला, निकालाच्या तोंडावर अमेरिकेने ती मागे घेतली आणि १९९७ च्या निकालात भारताची बाजू उचलून धरली गेली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या सुती चादरींवर डम्पिंगविरोधी जकात लावली. भारताच्या चादरींवर आधीच कोटा होता, म्हणजे किती यायचे हे युरोपनेच ठरवलेले होते. मोजून घेतलेल्या मालाचा पूर आला, असा तो दावा होता. २००१ मध्ये भारताने हा खटलाही जिंकला, पण खटला चालू असताना गेलेले गिऱ्हाईक निकालपत्राने परत येत नाही.

२००५ मध्ये चीनचा माल वाढला आणि सगळे पुन्हा घडले. चीनच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. तिथल्या सरकारी बँकांचे कर्ज, स्वतंत्र कामगार संघटनांवरची बंदी, चलनाचा धरून ठेवलेला भाव, या तक्रारी खऱ्या होत्या. त्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत आणि ते वापरायला हवे होते. पण वापरले गेले ते जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यत्वाच्या वेळी चीनकडून मान्य करून घेतलेले खास कापडी कलम, ज्यात यातले काहीच सिद्ध करावे लागत नव्हते. जूनमध्ये शांघायला युरोपचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन आणि चीनचे वाणिज्यमंत्री बो शिलाय यांच्यात दहा प्रकारच्या मालावर २००७ अखेरपर्यंतचे कोटे ठरले. युरोपातल्या दुकानदारांनी ऑर्डरी आधीच दिलेल्या होत्या. ऑगस्टपर्यंत स्वेटर, पँटी आणि अंतर्वस्त्रांचे साडेसात-आठ कोटी नग युरोपच्या बंदरांवर अडकले. इटली, स्पेन, पोर्तुगालला ते अडवायचे होते, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्सला सोडवायचे होते. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. दहा वर्षांची आगाऊ सूचना असलेल्या दिवसासाठी युरोपच्या सरकारांनी आपल्या कामगारांची काय तयारी करून ठेवली होती, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात फार कमी लोकांनी विचारला.

ज्या कलम १९ पासून ही वाट चुकली, तिथेच परत जाण्यासारखे काही आहे, असे मला वाटते. एखाद्या देशाला आपला उद्योग सावरायचा असेल, तर आवर सर्वांच्या मालाला सारखा असावा, त्याला शेवटची तारीख असावी आणि त्याचा खर्च त्याच देशाने आपल्या तिजोरीतून उघडपणे करावा. मग तो कामगारांना निवृत्तिवेतन देवो, नवे शिक्षण देवो किंवा गावात दुसरा कारखाना आणो. खर्च डोळ्यांसमोर असला की तो किती काळ करायचा हे मतदार ठरवतील. तो दूरच्या शिवणयंत्रावर आणि गरिबाच्या सदऱ्यावर लपवला की कोणालाच दिसत नाही, म्हणून तो चाळीस वर्षे चालतो.

२ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जाहीर केलेल्या 'परस्पर' जकातींत हे सगळे नव्या रूपात आले. दर ठरवण्याचे सूत्र असे होते: त्या देशाशी असलेली वस्तुव्यापारातली तूट भागिले तिथून येणारी आयात, आणि त्याचे निम्मे. त्या देशाची स्वतःची जकात किती, त्याने कोणता नियम मोडला, याचा त्यात उल्लेखही नव्हता. जो देश अमेरिकेला जास्त विकतो आणि गरिबीमुळे तिच्याकडून कमी घेतो, त्याचा दर आपोआप वर जात होता. बांगलादेशला ३७ टक्के आले, श्रीलंकेला ४४, व्हिएतनामला ४६, मादागास्करला ४७, कंबोडियाला ४९. कपडे शिवून वर आलेल्या देशांची ही जवळजवळ यादीच आहे. त्या दिवशी देशाच्या नावावर लागलेला सर्वांत मोठा आकडा, ५० टक्के, लेसोथोचा होता. दक्षिण आफ्रिकेने चारी बाजूंनी वेढलेला, वीस-बावीस लाख वस्तीचा हा डोंगराळ देश अमेरिकी बाजारासाठी जीन्स शिवतो. ऑगस्टमध्ये त्याचा दर १५ टक्क्यांवर आला. तोपर्यंत ऑर्डरी थांबल्या होत्या, कारखान्यांतून माणसे कमी झाली होती आणि जुलैमध्ये तिथल्या सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती घोषित केली होती.